मुदतीच्या आत

रईसच्या मनात आधी तारीख आली. अठ्ठावीस जानेवारी. चंद्रपूरच्या लॅबच्या काउंटरवर उभं राहून त्याने पाकिटातून कागद अर्धाच बाहेर काढला होता. इंग्रजी ओळींमधला एकच शब्द त्याला कळला होता आणि तो शब्द कळायला फार शिक्षण लागत नव्हतं. खैरुनचा चेहरा, गुड्डीचा चेहरा, ती छातीतली गाठ जी दिवाळीच्या सुट्टीत तिने त्याचा हात धरून त्याला दाखवली होती, यांतलं काहीही डोळ्यांपुढे यायच्या आधी ती तारीख आली, माईकवरून कोणी पुकारावी तशी स्वच्छ. आज सहा; अठ्ठावीसला खैरुनची विम्याची पॉलिसी संपते. मग बाकीचं आलं. खैरुन आली, गुड्डी आली, कानांच्या पाळ्या तापल्या. पण ते सगळं मागून आलं, आणि पुढे कितीतरी महिने रईसला हेच आठवत राहिलं की ते मागून आलं. "पेशंटचे कोण तुम्ही?" काउंटरवरच्या बाईने विचारलं. "मिस्टर," तो म्हणाला. "डॉक्टर वर आहेत दोन वाजेपर्यंत. आताच दाखवून घ्या." त्याने मान हलवली, जिन्याकडे गेला, तीन पायऱ्या चढला. तिथे थांबला. एक म्हातारा वरून भिंतीला धरून उतरत होता, त्याला वाट द्यायला रईस एक पायरी खाली आला, मग आणखी एक, आणि म्हातारा निघून गेल्यावरही तो खालीच उतरत राहिला आणि रस्त्यावर आला. ऑटोवाल्याला चांदा फोर्ट स्टेशन म्हणाला. तेव्हा दीड वाजत होता. डॉक्टर वर होते.

गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली. कागद त्याने पिशवीत, केबलच्या गुंडाळीखाली घातला. त्याचा धंदा साऊंडचा. तो राहायचा ते वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव; दिवाळी झाली की मंडळ्या बाहेर पडतात, गावोगाव तंबू लागतात, आणि त्यांतल्या दोन मंडळ्यांना माईक आणि भोंगे रईस पुरवायचा. होळीनंतर लग्नं, आणि पावसाळ्यात काहीच नाही. घर चालायचं ते खैरुनच्या पगारावर. ती जिल्हा परिषदेची शिक्षिका. हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि न बोलण्याची सवय इतकी जुनी झाली होती की रईसला कधीकधी वाटायचं, घर आपणच चालवतो. मूल स्टेशन मागे गेलं, सिंदेवाहीच्या आधीचं जंगल सुरू झालं, आणि तो विचार करू लागला. म्हणजे त्याला वाटलं की तो विचार करतो आहे. खरं तर तारखेभोवतीच तो फिरत होता. दहा वर्षांपूर्वी खैरुनची नोकरी भामरागडच्या पलीकडच्या एका गावात होती. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जायचं आणि रस्ता आठ-आठ दिवस तुटायचा. अशाच एका दिवशी हजेरी पत्रकं घेऊन ती लालसू नावाच्या माणसाच्या डोंग्यात बसली. मधोमध डोंगा गरकन फिरला, दोनदा फिरला, आणि लालसूने गोंडीत काहीतरी ओरडत तो कसाबसा काठाला लावला. सुट्टीत वडशाला आल्यावर तिने हातपाय धुतले, चहा घेतला आणि सरळ राजदीप मेश्रामकडे गेली. राजदीप विम्याचा एजंट, दोघांच्या ओळखीचा. "मी वाहून गेली तं गुड्डीचं शिक्षण थांबाले नाई पायजे," एवढंच ती म्हणाली होती. त्यांची मुलगी गुड्डी तेव्हा चार वर्षांची. दहा वर्षांच्या मुदतीची पॉलिसी निघाली. मुदतीत ती मेली तर पैसे रईसला, नाही मेली तर काही नाही. त्या वेळी रईस हसला होता. जगली तर काहीच मिळत नाही असा हा कसला सौदा, असं म्हणाला होता.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचं पत्र आलं होतं. मुदत संपायच्या आत अर्ज केला तर हीच पॉलिसी आजीवन करता येईल. हप्ता वाढेल, पण मग ती जन्मभर चालेल. खैरुनने पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "पर्मनंट करून घेऊ काय?" "कायले?" रईस म्हणाला होता. "आता तू काई डोंग्यात बसून राह्यली काय? मुदत संपली तं संपू दे." ती हसली आणि पत्र कपाटात ठेवून दिलं. त्याला तेव्हा नवा मिक्सर हवा होता, बारा चॅनेलचा. त्या दिवाळीला तो घेऊन झाला. पैसे कोणाच्या पगारातून गेले हे दोघांनाही माहीत होतं. नागभीडला गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला संत्र्याच्या फोडी सोलून देत होती आणि रईसच्या डोक्यात हिशेब लागत होता. आता अर्ज करायचा तर अर्जात तब्येतीचं विचारणार. कंपनी विचारल्याशिवाय कशी राहील? आणि विचारलं की खैरुन खरं लिहिणार. पोरांच्या पेपरात अर्धा मार्क जास्त पडला तर दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून कापणारी बाई ती. तिला कळलं तर पॉलिसी गेली. पण जिला माहीतच नाही, ती खोटं कसं लिहील? हे सुचलं तेव्हा रईसला एक क्षण बरं वाटलं. आपण हुशार आहोत असं वाटलं. नंतर, जेव्हा सगळं होऊन गेलं, तेव्हा त्याला तारखेपेक्षाही या बरं वाटण्याची लाज जास्त वाटायची, आणि अंघोळ करता करता किंवा केबल गुंडाळता गुंडाळता ती आठवण आली की तो उगाच खाकरायचा, मोठ्याने काहीतरी बोलायचा, "हाव, हाव" असं म्हणायचा, कोणी नसलं तरी.

वैनगंगेच्या पुलावरून गाडी गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. घरी खैरुन शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. त्यांच्या घरात हिंदी-मराठी मिसळून चालायची, पण भांडण आणि लाड दोन्ही झाडीबोलीतच व्हायचे. तिने लाल पेनाला टोपण लावलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "आला काय जी रिपोर्ट?" "नाई ना," तो म्हणाला. "मशीन बिघडली म्हणते त्यायची. पंधराक दिवस लागतीन." तो चपला काढण्यासाठी वाकला होता म्हणून बरं. वर पाहिलं तेव्हा तिचे खांदे खाली आले होते. इतके दिवस ते वर धरलेले होते हे त्याला तेव्हाच कळलं. "बरं झालं, बावा," ती म्हणाली. "माहं तं सकाळपासून वर्गात ध्यान नव्हतं." मग तिने वांग्याची भाजी केली आणि स्वतः दोन भाकरी खाल्ल्या. मधेच गुड्डीला शाळेतल्या एका पोराची नक्कल करून दाखवली. रईसचं सगळं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलं होतं. कोणत्या नटाचा गळा आज बसला आहे, कोणती नटी रडून स्टेजवर आली आहे, हे त्याला पहिल्या वाक्याला कळायचं. खैरुनचा आवाज त्या संध्याकाळी मोकळा होता. आपण तिला हे दिलं, पंधरा दिवस दिले, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मन ते ऐकत होतं, मानत नव्हतं.

तीन दिवस त्याने जाऊ दिले. मग एका सकाळी ती केस विंचरत असताना म्हणाला, "ते पॉलिसीचं पत्र कुठी आहे?"

"काऊन?"

"पर्मनंट करून घेऊ म्हणतो."

फणी केसांतच थांबली. "ऑक्टोबरात तं तुमीच नाई म्हणलं."

"तवा डोकं नव्हतं मले. आता सुचलं."

ती वळली. चाळीस ओलांडलेल्या तिच्या चेहऱ्यावर त्याला एकदम नवीनच काहीतरी दिसलं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला त्याने न सांगता बांगड्या आणल्या होत्या तेव्हाचं. "नव्व्याण्णव वर्षापर्यंत चालते म्हणे ते," ती म्हणाली. "तितकी जगीन काय मी? तुमाले कटकट होईन." त्याला हसावं लागलं. तो हसला, आणि ते हसणं त्याला दुसऱ्याच कोणाचं, भोंग्यातून आल्यासारखं ऐकू आलं. दुपारी त्याने तिला फोनवर रिनाशी बोलताना ऐकलं. रिना तिच्याच शाळेतली शिक्षिका, तिची मैत्रीण. "सोताहून म्हणले, रिना. मी तं विसरून गेल्ती. मरेपर्यंत माह्यासाठी हप्ता भराले तयार झाले म्हणजे पाह्य." हप्ता तीच भरणार होती. पण तिच्या बोलण्यात ते कुठेच नव्हतं.

राजदीपचं ऑफिस स्टेशन रोडवर, धानाच्या गिरणीसमोर. टेबलावर कायम तुसाची बारीक धूळ असायची आणि तो ती बोलता बोलता तळहाताने पुसायचा. त्याने अर्ज पुढे ओढला. दोन पानांचा होता. नाव, जुना पॉलिसी नंबर, कोणती नवी योजना, हप्ता कसा. राजदीप प्रत्येक ओळ वाचून खैरुनकडून खात्री करून घेत होता आणि रईस पुढच्या ओळीकडे पाहत होता. आता येईल. पान उलटलं तेव्हा त्याचं बनियन घामाने पाठीला चिकटलं, जानेवारी असून. दुसरं पानही संपलं. "सही इथी, मॅडम, अन् इथी." खैरुनने ठसठशीत मराठीत सही केली. प्रश्न आलाच नाही. राजदीप विसरला असावा, किंवा पुढे कधी विचारतील. आपण विचारून कशाला जागं करावं, असं रईसला वाटलं आणि तो गप्प राहिला. एक वाक्य विचारायचं होतं. आजारी माणसालाही हे मिळतं का, एवढंच. पण तो प्रश्न तोंडातून निघाला की राजदीप मान वर करून पाहील, खैरुनही पाहील, आणि त्या दोन नजरा त्याला नको होत्या. बाहेर आल्यावर खैरुन म्हणाली, "चला, आज माह्याकडून," आणि चौकातल्या टपरीवर तिने त्याला गरम आलुबोंडे खाऊ घातले. बोलता बोलता त्याच्या मिशीला लागलेलं बेसन तिने रुमालाने पुसलं. भर रस्त्यात. असं ती कधी करत नसे.

त्यानंतरचे दिवस रईस मोजत नव्हता असं नाही. कुरखेड्याच्या बाजूला एका गावात मंडळीचा तंबू लागला होता; तो दुपारीच जायचा, भोंगे बांधायचा, रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहून "हॅलो, हॅलो, चेक" म्हणायचा. कागद पिशवीतच होता. केबल काढताना पाकिटाची कड बोटांना लागायची. आज सांगू असं रोज वाटायचं, आणि रोज वाटायचं की आणखी दोन दिवस, तिकडून मंजुरी आली की लगेच. एका सकाळी तो दाढी करत होता. खैरुन मागे येऊन उभी राहिली. हात पदराखाली, छातीवर. "मले ते गाठ मोठी झाल्यासारखी वाटते जी," ती हळू म्हणाली. "हात लावून पाहा बरं." आरशात त्याला ती दिसत होती, आणि स्वतःचा अर्धा पांढरा चेहरा. "तुह्या मनाचा खेळ आहे," तो म्हणाला. "रिपोर्ट येईपर्यंत काई विचार नोको करू." "तसंच असन," ती म्हणाली, आणि गेली. त्याचा हात ओला होता, वस्तरा त्या हातात होता, म्हणून त्याने हात लावला नाही. असं त्याने स्वतःला सांगितलं.

एकवीस तारखेला सकाळी राजदीपचा फोन आला. रईस गाडी काढून त्याच्याकडे गेला. "झालं, भाऊ, मंजूर," राजदीप म्हणाला. "मॅडमच्या फोनवर बी मेसेज आला असन. आता जन्मभराची चिंता मिटली." रईस खुर्चीत बसला. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या हलकेपणात त्याने इतक्या दिवसांचा तो प्रश्न विचारून टाकला. सहज, दुसऱ्या कोणाबद्दल विचारावं तसा. "राजदीपभाऊ, तब्येतीचं काईच नाई विचारलं त्यायनं?"

"नाई विचारत." राजदीपने टेबलावरून तळहात फिरवला. "हेच तं या पॉलिसीचं आहे ना, भाऊ. दहा वर्षं आधी मेडिकल झालं, तेच चालते. मुदतीच्या आत अर्ज आला का मग माणूस खाटेवर असो का उद्या त्याले कॅन्सर निघो, कंपनीले द्याच लागते. आधीपासून तसंच लिहून आहे. मी सांगतलं नाई काय तुमाले?"

समोर गिरणी चालू होती. रईसला तिचा आवाज एकाएकी फार मोठा वाटला, मग काहीच ऐकू आलं नाही. त्याने विचारलं नव्हतं. एक वाक्य. सहा तारखेला दुपारी वर जाऊन डॉक्टरांना कागद दाखवला असता, खैरुनला त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने सगळं खरं लिहून अर्ज दिला असता, तरी हेच झालं असतं. पंधरा दिवस कशाच्याच कामी आले नव्हते. राजदीप चहा मागवतो म्हणाला, रईस उठला.

खैरुन दुपारी शाळेतून आली तेव्हा तो ओसरीच्या पायरीवर बसला होता, पाकीट मांडीवर. गुड्डी शिकवणीला गेली होती. त्याने काही न बोलता पाकीट तिच्या हातात दिलं. शिक्षिकेच्या सवयीने तिने कागद वरून वाचायला सुरुवात केली. नाव, वय, तारीख. तारखेपाशी ती थांबली, मग खाली गेली, मग पुन्हा वर आली. मग पायरीवर त्याच्या शेजारी बसली. "सहा तारखेचा आहे," ती म्हणाली. त्याने वाक्य तयार ठेवलं होतं. राजदीपकडून घरी येईपर्यंत ते चार वेळा मनात म्हटलं होतं, खरंखुरं, सगळं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात खैरुनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भेले ना तुमी?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मले सांगाले भेले ना?" दुसरं काही तिच्या मनातच नव्हतं. त्याने मान हलवली. हो म्हणाला. मग दोघं रडले, आणि रईस खरा रडत होता, त्यात खोटं काही नव्हतं, हेच सगळ्यांत वाईट होतं.

पुढचं सगळं नागपूरला झालं. डॉक्टरांनी तारीख पाहून भुवया वर केल्या. "हे भेले होते, डॉक्टर," खैरुन म्हणाली, रईसने काही बोलायच्या आत. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवसांनी फार बिघडत नाही सहसा. पण असं पुन्हा करू नका." ऑपरेशन झालं. काखेतल्या दोन गाठींमध्येही आजार निघाला. पंधरा दिवस आधी त्या तशाच असत्या का, हे रईसने विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते कोणालाच सांगता आलं नसतं. केमो सुरू झाली, केस गेले. आणि या सगळ्यात ती गोष्ट मोठी होत गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला खैरुन ती सांगायची. तिला बळ नसलं तरी एवढी गोष्ट सांगायला ती उशीवर उठून बसायची: "आमचे हे तं पंधरा दिवस रिपोर्ट पिशवीत घेऊन फिरले. मले सांगाची हिंमतच नाई झाली. एकटेच कुढून राह्यले." तिच्या बहिणी डोळे पुसायच्या. रिना एकदा दारात निरोप घेताना म्हणाली, "भाऊजी, असा जीव लावणारा माणूस मी नाई पाह्यला." रईसने हात जोडले. दरवेळी त्याला वाटायचं, आता सांगावं. आणि दरवेळी त्याला खैरुनचा चेहरा दिसायचा, बिनभुवयांचा, गोष्ट सांगताना थोडा उजळलेला. तिच्यापाशी त्या दिवसांत तेवढंच होतं. ते काढून घ्यायचा आपल्याला हक्क नाही, असं तो म्हणायचा. आणि लगेच त्याला कळायचं की हीसुद्धा सोयच आहे.

मार्चच्या शेवटी, तिसरी केमो घेऊन परतताना, एसटी नागभीडला बिघडली. दुसरी गाडी येईपर्यंत दोघं स्टँडच्या बाकावर बसले. शेजारी एक म्हातारी बाई मोहाच्या फुलांची टोपली पायांत घेऊन बसली होती, त्या फुलांच्या वासाने खैरुनला मळमळेल म्हणून रईस तिला पलीकडे बसवू लागला तर खैरुनच म्हणाली, "राहू द्या, चांगला वाटते." बाईचं नाव रुखमा; तिचा नवरा दसरू सरकारी दवाखान्यात पडला होता, ती त्याच्याकडे चालली होती. तिने खैरुनच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहून सरळ विचारलं, खैरुननेही सरळ सांगितलं, आणि सांगता सांगता ती त्या गोष्टीवर आली. पंधरा दिवस पिशवीत कागद. एकटेच कुढून राह्यले. भेले. रुखमाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने रईसकडे पाहिलं, वाईट नजरेने नाही, एखादी वस्तू कशी चालते ते विचारावं तसं.

"मंग पंधराव्या दिशी तुमचा भेव कुठी गेला, भाऊ?"

खैरुन हसली. रईसही हसण्यासाठी तोंड उघडून बसला. मग खैरुनचं हसणं थांबलं. त्याने ते थांबलेलं ऐकलं. ती समोर पाहत होती, जिथे दुसरी गाडी लागत होती. रुखमा टोपली डोक्यावर घेऊन, "बरी होशीन, माय," म्हणून निघून गेली. गाडीत दोघं बसले. ब्रह्मपुरी येईपर्यंत खैरुन मांडीवर एकेक बोट दुमडत होती. ती काय करते आहे हे त्याला ठाऊक होतं. मनातल्या फळ्यावर तारखा मांडत होती.

"पॉलिसीचा मेसेज त्याच दिवशी आल्ता ना," ती शेवटी म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"हो."

"तुमी भेले नव्हते."

"भेव बी होता," रईस म्हणाला. "पण आधी तारीख आली. अठ्ठावीस. कागद हातात घेतला तवा मनात पयले ते आलं. तू मागून आली." आता थांबता येत नव्हतं. त्याने जिन्याचं सांगितलं, गाडीतल्या हुशारीचं सांगितलं, अर्जात विचारतील म्हणून लपवलं ते सांगितलं, आणि विचारणारच नव्हते हेही. मागच्या सीटवर दोन माणसं धानाच्या भावाबद्दल बोलत होती. तो इतक्या हळू बोलत होता की मधेमधे खैरुनला कान त्याच्याकडे करावा लागत होता, आणि तिने तो केला, शेवटपर्यंत केला. सांगून झाल्यावर ती खिडकीकडे वळली.

पुढे जवळजवळ तीन महिने ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. औषधाचं, गुड्डीचं, दुधाचं. ती गोष्ट तिने पुन्हा कोणाला सांगितली नाही. दुसऱ्या कोणी काढली की उठून आत जायची. रईस रोज वाट पाहायचा की ती भांडेल, पैशांवरून बोलेल, तुम्ही माझ्या मरणावर टपून बसला होता म्हणेल. त्या वाक्यासाठी त्याने मान पुढे करून ठेवली होती. जूनमध्ये, शेवटची केमो होऊन तीन आठवडे झाल्यावर, एका सकाळी, तो तिच्यासाठी डाळिंब सोलत असताना ती बोलली.

"तुमाले वाटते मले तारखेचा राग आहे. नाई. पॉलिसी मीच काढल्ती, पैशासाठीच काढल्ती. मनात काई बी येते. मी डोंग्यात बसल्ती तवा माह्या मनात पयले हजेरी पत्रकं आल्ती, भिजतीन म्हणून. गुड्डी नाई आली." ती थांबली, श्वास घेतला. "पण मी म्हणलं होतं, हात लावून पाहा. तुमाले मालूम होतं अन् तुमी म्हणलं, मनाचा खेळ. त्या दिवसानंतर मी सोताले हात लावाचा बंद केल्ता. मले वाटलं, मीच येडी आहो."

रईसच्या बोटांवरून डाळिंबाचा रस मनगटापर्यंत आला होता. इतके महिने तो ज्या जागी उभा राहून स्वतःला झोडपत होता, ती जागाच चुकीची होती. आरसा, साबण, मागे उभी असलेली ती; हे त्याला आठवत होतं, पण ते त्याने बाजूला सारून ठेवलं होतं, तारखेच्या मागे, कारण तारखेची लाज सोसता येत होती. त्याने माफी मागितली नाही. तो शब्द तोंडात आला आणि फारच लहान वाटला. ताटली त्याने तिच्यापुढे ठेवली. तिने चार दाणे उचलून खाल्ले आणि म्हणाली, "उद्या राजदीपकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी तिने राजदीपला सांगितलं, वारस बदलायचा आहे. गुड्डीचं नाव लावायचं. राजदीपने एकदा तिच्याकडे, एकदा रईसकडे पाहिलं आणि फॉर्म काढला. "पोरगी अठराची नाई झाली, मॅडम. तवापर्यंत पैसे सांभाळाले मोठं माणूस लिहा लागते," असं म्हणत त्याने सवयीने 'रई' एवढी अक्षरं लिहिलीही.

"थांबा," खैरुन म्हणाली.

राजदीपचा पेन थांबला. खैरुन त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिली. डोक्यावर ओढणी होती, तिच्या कडेने नवे केस अगदी बारीक, काळे दिसत होते. रईसने श्वास रोखला होता, आणि रोखला आहे हे कळल्यावर त्याला त्याचीही लाज वाटली, आपण अजून कशाची तरी आशा धरून आहोत याची. "रिनाचं लिहा," ती म्हणाली. राजदीपने ती दोन अक्षरं खोडली, बाजूला खैरुनची सही घेतली आणि रिनाचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. मग थोडा अवघडून म्हणाला, "साक्षीदाराची सही पायजे एक. मी एजंट, माही चालत नाई. बाहेरून कोणाले बलावू काय?"

"हे आहेत ना," खैरुन म्हणाली, आणि कागद रईसकडे सरकवला.

त्याने सही केली. खाली पत्ता लिहायचा होता, तो लिहिला. तिच्या पत्त्याखाली तोच पत्ता. तिने कागद उचलून एकदा वरून खालपर्यंत वाचला आणि राजदीपला दिला.

बाहेर कडक ऊन होतं. शाळा पुढच्या आठवड्यात उघडायची होती आणि तिला आजच जाऊन वर्ग पाहून यायचा होता, पोरांच्या नव्या वह्या मोजून ठेवायच्या होत्या. "सोडून देता काय?" तिने विचारलं. रईसने मोटारसायकल काढली. ती मागे बसली. गिरणीसमोरच्या रस्त्यावर धानाच्या ट्रकांनी मोठे खड्डे पाडले होते. पहिल्या खड्ड्याला तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खड्ड्यासाठीच ठेवला आहे, असं धरून रईसने गाडी हळू केली, आणि शाळेपर्यंत हळूच चालवली.